बेदाण्याचं गाव आणि प्लास्टिकचं कार्ड

आमच्या सातारा-सांगलीकडे डेबिट कार्डाला डेबिट कार्ड कुणी म्हणत नाही. त्याला "एटीएम" म्हणतात. "माझं एटीएम हरवलं", "एटीएम घरीच राहिलं", "एटीएम पोराकडे दिलंय". पुण्या-मुंबईच्या मित्रांना यात गंमत वाटते, मशीनचं नाव कार्डाला कसं काय म्हणून. मला ते नाव अगदी बरोबर वाटतं. इथे त्या कार्डाचं काम एकच होतं, मशीनमधून नोटा काढायच्या. नाव कामावरूनच पडतं. आणि नुसतं "क्रेडिट कार्ड" म्हणालात तर शेतकऱ्याच्या घरात पहिल्यांदा आठवतं ते किसान क्रेडिट कार्ड, जे सुरुवातीला कार्ड नव्हतंच मुळी! त्याच्याकडे येतोच.

कार्डांचा भारतातला इतिहास सांगायचा तर लोक मुंबईपासून सुरुवात करतात. १९६१ साली डायनर्स क्लब आलं, १९८० साली सेंट्रल बँकेने सेंट्रलकार्ड काढलं, १९८७ साली हाँगकाँग बँकेने मुंबईत देशातलं पहिलं एटीएम लावलं. सगळं खरं आहे. पण मला सुरुवात करायची आहे ती कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोपासून. कारण फ्रेस्नो म्हणजे तिकडचं तासगाव.

खरंच. आजूबाजूला द्राक्षबागा, द्राक्षं वाळवून बेदाणा, आणि बेदाण्याचा मोठा व्यापार. या शेतीच्या गावात सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने सुमारे ६०,००० लोकांना टपालाने कार्डं पाठवून दिली. कुणी अर्ज केला नव्हता, कुणी मागितली नव्हती. कार्ड घ्या, गावातल्या दुकानांत चालवा, पैसे नंतर द्या, तेही हप्त्याने चालतील. पुढे हेच कार्ड १९७६ साली 'व्हिसा' झालं. फ्रेस्नो निवडायचं कारण साधं होतं. तिथली जवळजवळ निम्मी कुटुंबं आधीच या बँकेची खातेदार होती. गाव ओळखीचं होतं. तरीही पहिल्या काही महिन्यांत अंदाज सपशेल चुकला. थकबाकी ४ टक्के धरली होती, ती २२ टक्क्यांवर गेली, आणि ज्याने ही योजना आखली त्याला नोकरी सोडावी लागली. बँकेने मात्र योजना सोडली नाही.

मग आपल्या तासगावात असं का झालं नाही? नेहमी ऐकू येणारं उत्तर म्हणजे "आपली माणसं कर्जाला घाबरतात, अंथरूण पाहून पाय पसरतात". मला हे अजिबात पटत नाही. या दोन जिल्ह्यांत उधारीशिवाय जगणारं घर शोधून दाखवा! किराणा दुकानात "मांडून ठेवा" म्हटलं की झालं. अडत्याकडून उचल मिळते. कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेल्या बेदाण्यावर तारण कर्ज मिळतं. सोन्यावर तर मिळतंच मिळतं. आणि या सगळ्यावर गावातली विकास सोसायटी. सोसायटी जिल्हा बँकेच्या पैशातून पीककर्ज देते आणि वसुली कारखान्याच्या ऊस बिलातून परस्पर होते. (आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ऑटो डेबिट म्हणून मिरवतो, ते सोसायटीच्या सचिवाने कार्बन पेपर लावून कित्येक दशकं आधी चालवलेलं आहे.)

म्हणजे उधारी होतीच. फक्त ती महिन्याच्या हिशोबात बसत नव्हती, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. क्रेडिट कार्डाचं सगळं गणित महिन्याच्या पगारावर उभं आहे. महिनाभर खर्च करा, बिल येईल, वीसेक दिवसांत भरा. आडसाली उसाचं काय? जुलै-ऑगस्टमध्ये लावण केली की तोडणी सोळा-अठरा महिन्यांनी. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा. अशा माणसाला ४५-५० दिवसांचं उधार देणं म्हणजे मिरजेपर्यंतचं तिकीट काढून मुंबईला निघालेल्याला मदत केल्यासारखं आहे. मुदत चुकली की महिन्याला ३ ते साडेतीन टक्के, वर्षाला ३६ ते ४२. आणि सावकार म्हणून बदनाम मात्र गावातला माणूस!

किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली आलं ते नेमकं या ठिकाणी शहाणं होतं. मर्यादा पिकावर आणि क्षेत्रावर ठरणार, फेड पिकाच्या हंगामाला धरून, पुन्हा पुन्हा अर्ज न करता मर्यादेत पैसे काढायचे आणि भरायचे. आज ३ लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत धरून ४ टक्के. हातात मिळायचं ते मात्र पासबुक. मशीनमध्ये घालता येईल असं रूपे कार्ड त्याला खूप नंतर जोडलं गेलं. कल्पना क्रेडिट कार्डाची, हिशोब सोसायटीचा. मला विचाराल तर आपल्याकडे जमलेलं क्रेडिट कार्ड हेच.

दुसरी बाजू दुकानदाराची. कार्ड घासलं की शंभरातले दोनेक रुपये बँकेला आणि कार्डकंपनीला जातात. किराण्यात सुटतात किती? साखरेवर, तेलावर दोन रुपये सोडायचे म्हणजे धंदा बँकेला दान केल्यासारखंच. त्यामुळे मशीन आलं ते मोठ्या कापड दुकानात, सराफाकडे, पेट्रोल पंपावर, आणि तिथेही "कार्ड असेल तर दोन टक्के जादा लागतील" हे वाक्य ठरलेलं.

पण एटीएमची गोष्ट वेगळी. त्याने खरोखर घरं बदलली. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावांतून घरटी माणूस फौजेत. पाटण-जावळीकडची माणसं मुंबईत माथाडी. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कारागीर सोनं-चांदी आटवायला देशभर पसरलेले. या सगळ्यांचा पैसा घरी यायचा तो मनीऑर्डरने किंवा गावी निघालेल्या माणसाच्या खिशातून. एटीएम आल्यावर खातं एकाचं आणि कार्ड दुसऱ्याकडे अशी सोय झाली. पोराने तिकडे खात्यात भरायचे, म्हाताऱ्याने इकडे काढायचे. पिन वहीच्या शेवटच्या पानावर. सुरक्षेच्या नियमांत हे बसत नाही हे मला ठाऊक आहे, मी त्याच क्षेत्रात पोट भरतो :) पण लोकांनी त्या कार्डाची आपापली मनीऑर्डर करून घेतली हे खरं.

त्याला मदत झाली ती दोन गोष्टींची. २००४ साली नॅशनल फायनान्शियल स्विच सुरू झालं आणि एका बँकेचं कार्ड दुसरीच्या मशीनमध्ये चालू लागलं. मग १ एप्रिल २००९ पासून दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढणं फुकट झालं (काही महिन्यांत त्यावर महिन्याला पाच वेळांची मर्यादा आली ते सोडा). देशाचे आकडेही एटीएम या नावाचीच बाजू घेतात. २०११-१२ मध्ये डेबिट कार्डं एटीएममध्ये साधारण ५०८ कोटी वेळा वापरली गेली आणि दुकानांत साधारण ३३ कोटी वेळा. म्हणजे शंभरातल्या ९४ वेळा काम एकच, नोटा.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात बोचणारा भाग. या टापूत स्वतःच्या बँका होत्या. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली आणि १९३६ साली बँक, जी पुढे युनायटेड वेस्टर्न बँक म्हणून वाढली. सांगली बँक तर १९१६ सालची. कराडलाही बँक होती, पण १९९२ च्या रोखे घोटाळ्यात ती खोट्या बँक रिसीटसाठी देशभर गाजली आणि बुडाली. (बिनआधाराच्या कागदावर कोट्यवधींचं क्रेडिट, तेही कराडच्या नावाने!) २ सप्टेंबर २००६ ला, ऐन गणपतीत, रिझर्व्ह बँकेने युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध घातले. खातेदाराला दहा हजारांच्या वर काढता येईनात. महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली.

सहा-सात महिन्यांत दोन्ही जिल्ह्यांच्या शहरांची नावाजलेली बँक नकाशावरून गेली. बुडीत कर्जं आणि अपुरं भांडवल ही कारणं खोटी नव्हती, उगाच गळा काढण्यात अर्थ नाही. पण त्या बँकांबरोबर एक माहिती गेली. कुणाची बाग कुठे, कुणाचा भाऊ जामीन राहील, गेल्या दुष्काळात कुणी फेडलं, हे शाखेतल्या माणसांच्या डोक्यात असायचं. सांगली बँकेचे खातेदार ज्या बँकेत गेले तिची तेव्हा देशात सगळ्यात जास्त क्रेडिट कार्डं होती. तिच्याकडे पद्धत फ्रेस्नोची होती, ओळख मात्र नव्हती. आणि मुहूर्तही वाईट. देशातली क्रेडिट कार्डं मार्च २००८ मध्ये पावणेतीन कोटी होती, ती थकबाकीच्या तडाख्यात घटत घटत मार्च २०१२ मध्ये पावणेदोन कोटींवर आली. फोन करकरून वाटलेली कार्डं बँकांनीच बंद केली.

तिसऱ्या बँकेचं झालं ते कुणी भाकीत केलं असतं तर हसले असते लोक. १९४३ साली कोल्हापूर आणि सांगलीत सुरू झालेली रत्नाकर बँक. या भागातल्या व्यापाऱ्यांची लहानशी बँक. २०१० साली नवं व्यवस्थापन आलं, २०१३ च्या सुमारास तिने रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचा भारतातला क्रेडिट कार्डांचा धंदा विकत घेतला, नाव आरबीएल झालं, बजाज फिनसर्वबरोबर कार्डं काढली, आणि आता तिच्या कार्डांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास आहे. तुमच्यापैकी काहींच्या पाकिटात ते असेल आणि त्यातला 'आर' कुणाचा हे माहीत नसेल. नोंदणीकृत कार्यालय अजून कोल्हापुरात, शाहूपुरीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने तिचा मोठा हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. सांगली-कोल्हापूरची बँक कार्डांवर मोठी झाली खरी, पण ती गुरुग्राम-बंगळूरच्या पगारदारांच्या कार्डांवर.

नोटाबंदीवर फार लिहीत नाही, सगळ्यांनी भोगलीय. इतकंच सांगतो, की १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, आणि इथल्या शेतकऱ्याचं खातं नेमकं जिल्हा बँकेत. कार्डं घासायची सवय तेव्हा लागेल असं वाटलं होतं. पण यूपीआय आलं, दुकानदाराला एक पैसा कापला जात नव्हता, आणि वडापावच्या गाड्यावरही क्यूआर लागला. स्वाइप मशीनचं युग आमच्याकडे आलंच नाही, वरून उडी मारून पुढे गेलं. देशभरातही डेबिट कार्ड दुकानात वापरणं घटत चाललं आहे. उलट क्रेडिट कार्डांनी २०२४ मध्ये दहा कोटींचा आकडा ओलांडला.

आणि आता त्यातला नवा प्रकार. २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंत त्याचे पैसे कापले जात नाहीत. म्हणजे विट्यातल्या किराणा दुकानात आता खरंखुरं क्रेडिट कार्ड चालू शकतं, ज्या दुकानात वही होती तिथेच. ग्राहकाच्या बाजूने मात्र दोन उधाऱ्यांत फरक आहे. दुकानदाराची वही सिबिलकडे जात नाही. कारखान्याचं बिल लांबलं की तो ओरडतो, चारचौघांत बोलतो, आणि थांबतो. कार्डाचं बिल लांबलं की व्याज लागतं आणि स्कोअर पडतो, मग पोराच्या शिक्षणाच्या कर्जाला जाल तेव्हा तो आकडा तुमच्या आधी टेबलावर पोचलेला असतो. पीककर्ज देताना सिबिल मागू नका, असं राज्य सरकारला बँकांना पुन्हा पुन्हा बजावावं लागतं आहे, २०२३ मध्ये बजावलं आणि २०२५ मध्येही.