संयुक्त क्रियापद (मराठी)

धातुसाधित आणि त्यापुढचे सहायक क्रियापद मिळून एकाच क्रियेचा बोध करून देतात, तेव्हा त्या जोडीला संयुक्त क्रियापद म्हणतात. उदा. करून टाकणे, विसरून जाणे, बोलू लागणे. मुख्य अर्थ पहिल्या पदात असतो. दुसरे पद मूळ अर्थ सोडून क्रियेचा आरंभ, पूर्णता किंवा बोलणाऱ्याचा कल दाखवते. ‘पैसे घालवून बसला’ यात बसण्याची क्रिया नसते, चुटपूट असते. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात या प्रकाराची चर्चा केली आहे.

वंश : यातील बहुतेक पदे संस्कृत-प्राकृत वंशाची आहेत. ‘-ऊन’ हा प्रत्यय महाराष्ट्री प्राकृतातील ‘-ऊण’शी जोडला जातो. ‘लागणे’ हे ‘लग्न’, प्राकृत ‘लग्ग’ यावरून आले, तर ‘बसणे’ हे ‘उप’ + ‘विश्’ यापासून ‘बैसणे’ या रूपातून आले. ‘उप’सारखा उपसर्ग वैदिक भाषेत धातूपासून सुटा राहू शके. मराठीत जुने उपसर्ग धातूत मुरून गेले आणि नव्या छटा मागून येणारी क्रियापदे दाखवू लागली.

कन्नडशी साम्य : ही रचना द्राविड भाषांतही रुळलेली आहे. कन्नड ‘माडि बिडु’, ‘माडि कोडु’, ‘माडि नोडु’ यांची पदे अनुक्रमे करून सोड, करून दे, करून बघ अशी मराठीत जुळतात. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले. भाषाशास्त्रज्ञ गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगलीजवळच्या कुपवाडमधील मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींचा अभ्यास मांडला : शब्द वेगळे, वाक्यांचे साचे मात्र जवळपास एक. कोल्हापूर परिसरातही शिलाहारकालीन कन्नड शिलालेख सापडतात. दोन्ही भाषांचा शेजार तितका जुना आहे.

कोल्हापुरी रूपे : ‘काय करायलाईस?’, ‘जेवायलोय’ ही रूपे प्रमाण मराठीतील ‘काय करतो आहेस?’, ‘जेवतो आहे’ यांच्या जागी येतात. ‘जेवायलोय’ची ‘जेवायला लागलो आहे’ अशी फोड करता येते. तसे मानल्यास ‘लागणे’ झिजून प्रत्ययासारखे झाले आणि अर्थ आरंभाकडून चालू क्रियेकडे सरकला. सांगली, सोलापूर आणि मराठवाड्यातही याच्या जवळची रूपे बोलली जातात.