चिनी भाषेंतील सून

चिनी भाषेंत सुनेला ‘शीफू’ म्हणतात. शब्द दोन चिन्हांचा, आणि दोहोंच्याहि डाव्या अंगास ‘स्त्री’ हें चिन्ह बसविलेलें. पहिल्यांतील उरलेला भाग ‘शी’. त्याचा अर्थ श्वास, वाढ, आणि त्यावरून संतति, मुलगा. ‘शीफू’ म्हणजे मुळांत मुलाची बायको. शब्दांत घराण्याचा वंश आधीं, ती मागाहून.

दुसरें चिन्ह ‘फू’ याहून बोलकें आहे. स्त्रीच्या शेजारीं चक्क केरसुणी! इ. स. १०० मध्यें पुऱ्या केलेल्या आपल्या कोशांत शू शेन यानें याचा अर्थ सरळच लावला: केरसुणी घेऊन झाडलोट करणारी, सेवा करणारी ती ‘फू’. पुढें शतकानुशतकें घरोघरच्या सुनांना हाच अर्थ पुरला. परंतु शू शेनच्या आधीं सुमारें तेराशें वर्षें, शांग राजांच्या काळीं, हाडांवर कोरलेल्या लेखांत हेंच केरसुणीचें चिन्ह राजस्त्रियांच्या नांवाआधीं पदवीसारखें येतें. राजा वू तिंग याची राणी फू हाओ त्यांपैकींच एक. तिच्या एका स्वारीच्या लेखांत तेरा हजार सैन्याचा आंकडा आहे. १९७६ सालीं आन्यांग येथें तिची कबर जशीच्या तशी सांपडली, तींत काशाचे जड परशु निघाले. शू शेनला बिचाऱ्याला हे लेख ठाऊक नव्हते. विद्वानांचें लक्ष त्यांकडे गेलें तें १८९९ सालीं.

सासूसासऱ्यांचीं जुनीं चिनी नांवें तर मराठी घराला ओळखीचींच वाटतील. ‘अर्‌या’ या प्राचीन कोशाप्रमाणें सुनेनें सासऱ्याला ‘च्यू’ म्हणावें, सासूला ‘कू’. च्यू म्हणजे मामा, कू म्हणजे आत्या. ‘मामंजी’ आणि ‘आत्याबाई’ कानांवर असलेल्यांना याचें मर्म निराळें सांगावयास नको. आतेमामे भावंडांचीं लग्नें तेथें एके काळीं होत असावींत, असें अभ्यासक यावरून अनुमान काढतात.

मात्र आत्या म्हटल्यानें सासू आत्या होत नाहीं. बायकोला टाकण्याचीं सात कारणें जुन्या चिनी धर्मशास्त्रानें मान्य केलीं होतीं, त्यांत सासूसासऱ्यांची अवज्ञा हें एक. याहून कठीण स्थिति ‘तुंग-यांग-शी’ची. गरिबाची पोर लहानपणींच आणावयाची आणि भावी सून म्हणून वाढवावयाची. लग्नाचा खर्च वांचे, राबणारे दोन हात मिळत. १९५० च्या विवाहविषयक कायद्यानें ही चाल नांव घेऊन बंद केली.

‘शीफू’ शब्द मात्र राहिला. उत्तर चीनमध्यें आज नवराहि आपल्या बायकोला ‘शीफू’च म्हणतो, मग त्याचे आईबाप दुसऱ्या गांवीं कां राहात असेनात.