गोखले, कमलाबाई

(जन्म १९००). मराठी रंगभूमी आणि चित्रपटांतील अभिनेत्री. माहेरचे आडनाव कामत. भारतीय कथाचित्रपटाच्या पडद्यावर प्रथम आलेल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक. दुसऱ्या त्यांच्या आई, दुर्गाबाई कामत.

कमलाबाईंची हकीकत दुर्गाबाईंपासूनच सांगायला हवी. १९०३ च्या सुमारास पतीपासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंच्या पदरात लहानगी मुलगी होती. एकट्या बाईला पोट भरण्याचे मार्ग तेव्हा मोजकेच होते. त्यांनी फिरती नाटक मंडळी धरली आणि ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. कमलाबाई चौथ्या-पाचव्या वर्षीच रंगमंचावर उभ्या राहिल्या. शाळेचे तोंड त्यांना पाहता आले नाही. अक्षरओळख आईनेच करून दिली. आज या गावी, उद्या त्या गावी असा मंडळीचा मुक्काम हलत असे, आणि गाणे, नाच, पाठांतर यांची तालीम त्याच धबडग्यात होत गेली.

दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) स्त्री नट मिळाली नाही आणि तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी फाळक्यांनी नाशिकला ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी. मोहिनी नाचत नाचत भस्मासुराला स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवायला लावते. मुक्या चित्रपटात हा सारा प्रसंग देहबोलीवर तोलायचा होता, आणि नाटकांत वाढलेल्या मुलीकडे ती बोली तयार होती. स्त्रिया पडद्यावर आल्या, याचे श्रेय फाळक्यांच्या धाडसाला दिले जाते, ते योग्यच आहे. पण बदनामीचा वाटा आधीच सोसून बसलेल्या दुर्गाबाई नसत्या, तर ते धाडस कागदावरच राहिले असते.

चित्रपटानंतर कमलाबाई नाटकाकडेच परतल्या. रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि गोखले बंधूंच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत त्या नायिका झाल्या. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याचा तो काळ होता. त्या भूमिकांवर नाव आणि पोट दोन्ही अवलंबून असलेल्या नटांना रंगमंचावर खरी स्त्री येणे रुचले नाही. प्रेक्षकांनी मात्र कमलाबाईंना उचलून धरले.

पंचविशीतच त्यांना वैधव्य आले. मुलांची जबाबदारी एकटीवर पडली. पुढे स्त्रियांच्याच नाटक मंडळीत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. ज्या रंगभूमीवर पुरुष लुगडे नेसून टाळ्या घेत होते, तिथेच एक विधवा आई पुरुषवेषात उभी राहून घर चालवत होती. मराठी नाट्येतिहासाच्या लेखनात स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांना जेवढी पाने मिळाली, त्याच्या मानाने या बाजूला फारच थोड्या ओळी लाभल्या आहेत.

बोलपट आल्यावर त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. त्यांच्या एकूण चित्रपटांची संख्या सुमारे ३५ सांगितली जाते. १९८० च्या ‘गहराई’पर्यंत त्यांचे काम सुरू होते. १९९१ मध्ये रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. नव्वदी गाठलेल्या कमलाबाई त्यात जुन्या भूमिकांबद्दल स्वतःच बोलतात.

थोरले पुत्र चंद्रकांत गोखले (१९२१–२००८) नाटक-चित्रपटांतले नामवंत अभिनेते, तर लालजी आणि सूर्यकांत हे तबलावादक. चंद्रकांतांचे पुत्र विक्रम गोखले (१९४५–२०२२) यांच्या रूपाने दुर्गाबाईंची चौथी पिढी रंगमंचावर आली.