सांधा बसल्यानंतर

पश्चिम रेल्वेच्या मार्गावर पालघर आणि बोईसर यांच्या मध्यें उमरोळी हें लहानसें स्थानक आहे. भाताचीं शेतें जवळ, बोईसर-तारापूरचे कारखानेही जवळ. दोन्ही ठिकाणीं पोट भरतें तें हातांच्या बळावर. अशा गांवीं एखाद्याचा खांदा निखळला, तर केवळ सांधा सुटत नाहीं, संसाराचा गाडाच अडतो.

निखळलेला खांदा बसविण्याची विद्या फार जुनी आहे. हिप्पोक्रेटीसच्या ग्रीक परंपरेंत काखेंत टाच रोवून हात ओढीत. सुश्रुतसंहितेंत काखेखालीं मुसळ देऊन सांधा वर उचलावा व जागीं बसल्यावर स्वस्तिकबंध बांधावा, असें सांगितलें आहे. १८७० सालीं स्विस शल्यवैद्य थिओडोर कोखर यांनीं ओढाताणीऐवजीं हात युक्तीनें वळवून सांधा बसविण्याची रीत प्रसिद्ध केली.

परंतु सांधा बसला म्हणजे हात परत आला, असें नव्हे. खांद्याची खोबण उथळ असून तींत फिरणारा गोळा मोठा असतो. त्याला आवरून धरतात ते भोंवतालचे स्नायु आणि बंध. सांधा निखळतांना हे बंध ताणले जातात, कित्येकदां फाटतात. तरुणाचा खांदा त्यामुळें पुन्हा निखळण्याची भीति असते. उलट वृद्धाचा हात फार दिवस झोळींत राहिला, तर खांदा आंखडून जातो. विश्रांति किती आणि हालचाल किती, हाच खरा प्रश्न.

त्याच्या उत्तराची दिशा सुश्रुतसंहितेंतही आढळते. तळहाताची मोड बरी होत असतां रोग्यानें प्रथम मातीचा गोळा धरावा, मग सैंधवाचा खडा आणि बळ आल्यावर दगड, असा तेथें क्रम आहे. भार हळूहळू वाढवावा, हें तत्त्व आजही तेंच आहे. १९३४ सालीं बोस्टनचे शल्यवैद्य कॉडमन यांनीं खांद्यावर ग्रंथ लिहिला. कमरेंत वांकून हात सैल लोंबत सोडावा व लंबकासारखा झुलवावा, हा व्यायाम त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. मुंबईंत १९५५ सालीं हाजी अली येथें अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली आणि व्यायाम हाही उपचारच आहे, या विचाराला भक्कम घर मिळालें.

आजचा क्रम साधारणपणें असा असतो. हात झोळींत असतांनाच बोटें, मनगट व कोपर हलवावयाचें. वैद्यांच्या अनुज्ञेनें पुढें लंबकाचा झोका. नंतर हात न हलवितां तळवा भिंतीवर दाबून स्नायु जागे करणें. मग बोटांनीं भिंत चढणें. आणि अखेरीस रबरी पट्टी किंवा वजन. दगड भिरकावतांना हात जसा वर आणि मागें जातो, ती स्थिति मात्र प्रारंभीं कटाक्षानें टाळावयाची. दुःख दडपून घाई केली, तर सांधा पुन्हा दगा देतो.

२०१३ पासून मुंबईच्या लोकलगाड्या डहाणूपर्यंत धांवतात आणि उमरोळीचा रोगीही शहरांतल्या तज्ज्ञांपर्यंत पोहोंचूं शकतो. परंतु रोजगार बुडवून प्रत्येक आठवड्यास कोण जाणार? यास्तव एकदां नीट शिकवून घेतलेला व्यायाम घरीं नित्य करणें, हेंच त्याच्या हातीं उरतें. त्याला मोठीं यंत्रें लागत नाहींत. भिंत घरोघरीं असते. लागतो तो धीर, आणि तो धरण्यास घरच्यांनीं दिलेली सवड.