दुचाकीच्या छंदाची भरती-ओहोटी

हौसेने दुचाकी चालविणारांची संख्या घटत चालली आहे काय, हा प्रश्न आजच्या काळाचा म्हणून विचारण्यात येतो. वास्तविक दुचाकीच्या इतिहासात तो अनेकदा विचारला गेलेला आहे; आणि तिचे दिवस संपले असे ठामपणे सांगणारांना बहुतेक वेळा आपले शब्द मागे घ्यावे लागले आहेत. मात्र एका प्रसंगी ओहोटी खरी होती. खरी ओहोटी कोणती आणि नुसती दिसणारी कोणती, हे ओळखावयाचे तर मागील दोनशे वर्षांचा वृत्तांत थोडक्यात पाहणे इष्ट होय.

इ. स. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे बॅरन कार्ल फॉन ड्राइस याने जे दोन चाकांचे लाकडी वाहन रस्त्यावर आणले, त्याला पायडल नव्हते; स्वार जमिनीला पाय मारीत पुढे सरके. १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढील चाकास पायडल जोडलेली दुचाकी प्रचारात आली, आणि १८७० नंतरच्या दशकात अधिक वेगाच्या लोभाने हेच चाक वाढत वाढत स्वाराच्या छातीइतके उंच झाले. त्या उंच दुचाकीवरून पडणारा बहुधा डोक्यावरच आपटे. अर्थात तो खेळ सुखवस्तु व धाडसी तरुणांपुरताच राहिला. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी ठेवून मागील चाकास साखळीने गती देणारी 'रोव्हर' सिद्ध केली. आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने चाकाला हवेने भरलेली रबरी धाव चढविली. या दोन सुधारणांनी दुचाकी स्त्रिया, प्रौढ आणि भित्री माणसे यांच्याही आटोक्यात आली.

यानंतर जी लाट उसळली तिला वेड हाच शब्द शोभेल. १८९५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या बॅटर्सी उद्यानात उमरावांच्या घरच्या स्त्रिया दुचाकीवरून फेरफटका करू लागल्या. १८७८ साली स्थापन झालेल्या इंग्लंडमधील दुचाकी-प्रवासी मंडळाची सभासदसंख्या १८९९ मध्ये ६० हजारांवर गेली; अमेरिकेत १८८० साली निघालेल्या 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या संस्थेने १८९८ च्या सुमारास १ लाखाचा आकडा ओलांडला. चांगल्या रस्त्यांची मागणी तेथे प्रथम मोठ्याने केली ती मोटारवाल्यांनी नव्हे, तर या दुचाकीस्वारांनी. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचणाऱ्या सुझन अँथनी यांनी १८९६ मध्ये असे मत दिले की, स्त्रीच्या मुक्ततेला जगातील दुसऱ्या कोणत्याही गोष्टीपेक्षा दुचाकीने अधिक हातभार लावला आहे. एका वाहनाला याहून मोठे प्रशस्तिपत्र क्वचितच मिळाले असेल.

आणि मग ही लाट पाहता पाहता ओसरली. १८९९ साली अमेरिकेत ११ लाखांहून अधिक दुचाक्या तयार झाल्या होत्या. १९०४ साली ती संख्या अडीच लाखांवर आली. लाखावर सभासद असलेली संस्था चार-पाच वर्षांत १० हजारांच्याही खाली गेली. या पडझडीचे कारण म्हणून बहुधा मोटारीकडे बोट दाखविले जाते. परंतु सनावळ्या या म्हणण्यास साक्ष देत नाहीत. १९०० साली साऱ्या अमेरिकेत मोटारी होत्या अवघ्या ८ हजारांच्या आसपास, आणि सामान्य माणसाला परवडणारी फोर्डची 'मॉडेल टी' निघाली ती १९०८ मध्ये. जे वाहन अजून रस्त्यावर आलेच नव्हते त्याने दुचाकीला मारले, असे कसे म्हणावे?

खरे कारण बाजारात आणि प्रतिष्ठेत होते. दशकाच्या मध्यास चांगल्या दुचाकीला अमेरिकेत १०० डॉलरच्या घरात किंमत पडे. कारखाने भराभर निघाले, माल गरजेबाहेर झाला, किंमती कोसळल्या. कारकुनाला आणि कारागिराला जी वस्तु घेता येते तिच्यात श्रीमंताला मिरविण्यासारखे काय उरणार? फॅशन गेली, गाडी मात्र राहिली. उद्यानातून ती निघाली आणि गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

तिच्याबरोबर हौसही खालच्या थरांत उतरली, ही गोष्ट विसरता कामा नये. १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे समाजवादी विचाराच्या तरुणांनी स्थापिलेले 'क्लॅरियन' दुचाकी मंडळ रविवारच्या सहलींनी गाजले. १९३० साली इंग्लंडमध्ये तरुण प्रवाशांसाठी स्वस्त वसतिगृहांची संस्था निघाली. १९३६ मध्ये फ्रान्सच्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा अनेक जोडपी दुचाकीवरून समुद्रकिनाऱ्याच्या वाटेला लागली. वरिष्ठ वर्गाची हौस संपली म्हणून हौसच संपली असे म्हणणे, म्हणजे आपल्या वाड्यातील दिवा मालवला म्हणून गावात अंधार पडला असे समजण्यासारखे होय.

या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी तेथील सहा पारशी तरुण दुचाकीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ४४ हजार मैलांचा प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. पुण्याने तर सायकलींचे शहर असा लौकिकच मिळविला. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने तेथे पेठापेठांतून असत. मुलांच्या सुट्टीतील स्वातंत्र्याला त्या दुकानापासूनच आरंभ होई.

आता खऱ्या ओहोटीविषयी. ब्रिटनमधील वाहतुकीच्या सरकारी गणनेप्रमाणे १९४९ साली तेथील लोकांनी दुचाकीवरून सुमारे २,३६० कोटी किलोमीटर अंतर तोडले. १९७३ साली हाच आकडा ३७० कोटींच्या आसपास होता. सहा हिश्श्यांपैकी पाच हिस्से पंचवीस वर्षांत नाहीसे झाले. या वेळी मात्र मोटारच कारणीभूत होती. तिने एकीकडे लोकांना दुसरे साधन दिले, आणि दुसरीकडे उरलेल्या दुचाकीस्वारांचा रस्ता हिरावून घेतला. १८९७ च्या सुमाराचा स्वार कंटाळून उतरला होता. १९६० नंतरचा स्वार पुष्कळदा भिऊन उतरला.

हा भेद नेदरलंड्सच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. तेथे १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत ३ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत ४०० च्या वर मुले होती. पुढील वर्षी मुलांच्या या हत्या थांबवा अशी मागणी करणारी चळवळ पालकांनी उभारली. हळूहळू दुचाकीसाठी वेगळे मार्ग बांधले गेले, वस्तीतील मोटारींच्या वेगाला आळा बसला, आणि घटलेली दुचाकी पुन्हा वाढली. त्या देशातील लोक काही अधिक हौशी झाले नव्हते; त्यांचे रस्ते निर्भय झाले होते.

याउलट केवळ विक्रीचे आकडे फसवितात. अमेरिकेत १९७३ साली दीड कोटीच्या वर दुचाक्या खपल्या, आणि दोनच वर्षांत हा खप निम्म्यावर आला. २०२० च्या महामारीत अनेक देशांतील दुकाने रिकामी झाली. दोन-तीन वर्षांत तेथेच न खपलेल्या मालाचे ढीग पडले. अशा चढउतारांवरून छंदाचा जन्म वा मृत्यू जाहीर करणे अविचाराचे ठरेल.

भारतातील शहरांचे चित्र मात्र चिंता वाटावी असे आहे. २००१ च्या जनगणनेत शहरी कुटुंबांपैकी ४६ टक्क्यांच्या घरी सायकल होती. २०११ मध्ये ते प्रमाण ४२ टक्क्यांच्या जवळ आले, आणि त्याच दहा वर्षांत स्कूटर-मोटारसायकल असलेली घरे सुमारे २५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेली. पहाटे महागड्या सायकली घेऊन घाट चढणारांचे गट वाढलेले दिसतात, हे खरे. पण दहा वर्षांची मुलगी एकटी सायकलवर शाळेत जाऊ शकते की नाही, यावर त्यांच्या संख्येने काही प्रकाश पडत नाही.

तेव्हा छंद घटतो आहे काय, या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या वहीत किंवा मंडळाच्या सभासदपटावर शोधण्यापेक्षा रस्त्यावर शोधावे. फॅशन ओसरल्याने आलेली ओहोटी आपोआप भरून निघते, कारण नवे हौशी नव्या थरांतून येतच असतात. भयाने आलेली ओहोटी अशी आपोआप भरून निघत नाही. ती भरून काढावी लागते, आणि ते काम दुचाकीस्वाराचे एकट्याचे नसून नगराचे आहे.