पद्धतिविवाद
सामाजिक शास्त्रांतील ज्ञानाच्या स्वरूपाविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषक विद्वानांत झालेला वाद. व्हिएन्नाचा अर्थशास्त्रज्ञ कार्ल मेंगर (१८४०–१९२१) याने १८८३ मधील ग्रंथात, व्यक्तीच्या गरजांपासून निगमनाने सार्वत्रिक नियम सिद्ध करता येतात, असे प्रतिपादिले. बर्लिनच्या गुस्टाफ श्मोलरला (१८३८–१९१७) पुरेशा ऐतिहासिक तपशिलावाचून नियम सांगणे अकाली वाटे. मेंगरची १८८४ ची प्रत्युत्तरपर पुस्तिका त्याने परीक्षण न करताच परत धाडली व तसे आपल्या नियतकालिकात जाहीरही केले. वादाचा तात्त्विक गाभा मात्र या कटुतेहून मोलाचा होता. माक्स वेबरने (१८६४–१९२०) १९०४ मधील निबंधात तो नेमका हेरला. त्याने मांडलेला ‘आदर्श प्रकार’ हा नियम नव्हे आणि वर्णनही नव्हे. वास्तवातील काही अंगे हेतुपूर्वक ठळक करून रचलेली ती एक संकल्पना असून, तिच्याशी प्रत्यक्ष घटना ताडून पाहावयाच्या असतात. कोणता प्रश्न अभ्यासावा, हे अभ्यासकाची मूल्ये ठरवितात. उत्तर काय यावे, हे त्यांनी ठरवू नये, अशी वेबरची भूमिका होती. याच मुद्द्यावर १९०९ मध्ये सामाजिक धोरण मंडळाच्या व्हिएन्ना अधिवेशनात नवा वाद पेटला.