हिक्सोस कोण होते?
(प्राचीन इजिप्तवरच्या एका कादंबरीच्या निमित्ताने)

कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, हे वडोदऱ्यातल्या मराठी घरांतल्या मुलांना नव्याने सांगावे लागत नाही. सुट्टीत पाहुणे आले की त्यांना घेऊन ममी बघायला जायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. मुले काचेला नाक लावून उभी राहतात आणि एकच प्रश्न विचारतात, ‘हा कोण होता?’ त्याचे उत्तर पाटीवर मावत नाही. ते शोधायला इतिहासकार उत्खनन करतात आणि कादंबरीकार कल्पना लढवतात.

प्राचीन इजिप्तवर जगभर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, पण बराच काळ त्या लिहिणारे लेखक इजिप्तचे नव्हते. शांपोलियोंने १८२२ मध्ये चित्रलिपीचे कोडे सोडवले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची माणसे पुन्हा बोलू लागली. त्यानंतर फ्रान्सच्या गोतिएने, जर्मनीच्या एबर्सने कादंबऱ्या लिहिल्या. पोलंडच्या बोलेस्वाव प्रूसने १८९४ मध्ये ‘फॅरो’ लिहायला घेतली, तेव्हा त्याचा देश तीन साम्राज्यांनी वाटून घेतला होता आणि वॉर्सावर रशियाची सत्ता होती. इतिहासात रामसेस नावाचे अकरा राजे झाले. प्रूसने तेरावा कल्पिला आणि त्याच्या आडून राज्य कसे खिळखिळे होते ते सांगितले. फिनलंडच्या मिका वाल्तारीने १९४५ मध्ये, महायुद्धाच्या राखेत, ‘सिनुहे’ लिहिली. तो कधी इजिप्तला गेलाही नव्हता. या दोघांनीही इजिप्तच्या आरशात आपापला काळ पाहिला.

आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची, आणि हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यानंतरच्या. वर्तमानात ताठ उभे राहता येत नव्हते, तेव्हा मराठी लेखकही शिवकाळात जाऊन उभा राहिला होता.

खुद्द इजिप्तच्या भूमिपुत्राने हे काम हाती घेतले ते १९३० च्या दशकात. नगीब महफूज यांचा जन्म १९११ मध्ये कैरोच्या गमालिया या जुन्या वस्तीत झाला. १९१९ चा इंग्रजांविरुद्धचा उठाव त्यांनी लहानपणी पाहिला. हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनची कबर सापडली, तेव्हा ते अकरा वर्षांचेही नव्हते. कागदोपत्री स्वातंत्र्य त्याच वर्षी, १९२२ मध्ये, मिळाले, पण इंग्रजी फौजा देशातच राहिल्या. महफूज यांचे पहिले पुस्तक म्हणजे प्राचीन इजिप्तवरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा अरबी अनुवाद, १९३२ चा. इजिप्तचा सारा इतिहास वॉल्टर स्कॉटप्रमाणे कादंबऱ्यांतून मांडायचा, असा त्यांचा मोठा बेत होता.

प्रत्यक्षात त्या वेळी तीनच कादंबऱ्या झाल्या. पहिली १९३९ ची, खुफू राजाच्या काळातली. तुझ्यामागे गादी तुझ्या मुलांकडे न जाता एका पुजाऱ्याच्या तान्ह्या मुलाकडे जाईल, असे भाकीत राजाला ऐकवले जाते. राजा ते टाळायला धावतो आणि मूल वाचते. कंसाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला ती वाचताना घरच्यासारखे वाटेल. या कथेचे बीज मात्र खऱ्या प्राचीन पपायरसवर आहे. दुसरी ‘रादुबीस’, गणिकेच्या नादी लागून राज्य घालवणाऱ्या तरुण राजाची. तिसरी १९४४ ची ‘किफाह तीबा’, म्हणजे ‘थीब्जचा लढा’. इथे बोलायचे आहे ते या तिसऱ्या कादंबरीबद्दल.

हिक्सोस नावाच्या परक्या राजांनी उत्तर इजिप्त बळकावले आहे. त्यांची राजधानी नाईलच्या मुखाजवळ, अवारिसला. दक्षिणेत थीब्जला सेकेनेनरे हा देशी राजा कसाबसा तग धरून आहे. एक दिवस हिक्सोस राजा अपोफिसचा दूत येऊन सांगतो की, थीब्जच्या पाणघोड्यांच्या ओरडण्याने आमच्या राजाची झोप मोडते, ते मारून टाका. शिवाय आमच्या सेत देवाचे देऊळ तुमच्या नगरात बांधा, आणि डोक्यावरचा पांढरा मुकुट उतरवा. सेकेनेनरे नकार देतो, लढतो आणि मारला जातो. राजघराणे दक्षिणेला नुबियात आश्रय घेते. दहा वर्षांनी नातू आहमोस व्यापाऱ्याच्या वेषात परत येतो, सैन्य जमवतो आणि देश मुक्त करतो. मधल्या काळात तो हिक्सोस राजकन्येच्या प्रेमात पडतो, आणि शेवटी तिला सोडून देतो.

पाणघोड्यांची गोष्ट लेखकाच्या मनची नाही. घटनेनंतर सुमारे तीन शतकांनी लिहिलेल्या एका पपायरसवर ती आहे, आणि मध्येच तुटते. सेकेनेनरेचे मरणही खरे. त्याची ममी १८८१ मध्ये देर-अल-बाहरीच्या गुप्त कबरीतल्या साठ्यात सापडली. कवटीवर कुऱ्हाडीचे भयंकर घाव आहेत. २०२१ मध्ये कैरोत राजांच्या ममींची नव्या संग्रहालयाकडे मिरवणूक निघाली, तिच्यात हाही राजा होता. इ.स.पू. १५५० च्या सुमारास आहमोसने अवारिस जिंकले, हेही खरे.

नुबियाचा आश्रय मात्र कल्पित. कामोस राजाच्या शिलालेखात अगदी उलटे लिहिले आहे. अपोफिसने नुबियातल्या कुश राज्याला पाठवलेले पत्र थीब्जच्या माणसांनी वाटेत पकडले. त्यात मजकूर असा की, आपण दोघे मिळून थीब्जला चिमटीत पकडू. म्हणजे नुबिया शत्रूच्या बाजूचा होता. महफूजना मात्र नाईलच्या दोन्ही अंगांचे लोक इंग्रजांविरुद्ध एक झालेले हवे होते. १९४४ च्या वाचकाने हिक्सोसांच्या जागी कोणाला पाहिले असेल, हे सांगायला नको.

इथवर सगळे आपल्या ओळखीचे आहे. परका आला, राज्य गेले, वीर उठला, राज्य परत आले. पण गेल्या काही दशकांत पुरातत्त्वाने या गोष्टीला एक अवघड वळण दिले आहे.

अवारिसच्या जागी, आजच्या तेल-अल-दबा येथे, ऑस्ट्रियाच्या मानफ्रेड बीटाक यांनी १९६६ पासून उत्खनन केले. तिथे दिसले ते असे : पश्चिम आशियातून आलेले लोक हिक्सोस राजांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तिथे राहत होते. ते व्यापारी होते, कारागीर होते, नोकरीपेशातले होते. २०२० मध्ये तिथल्या सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी माणसाने कुठले अन्नपाणी घेतले, त्याची खूण दातांत राहते. बाहेरून आलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. चाल करून येणाऱ्या फौजेचे चित्र त्यातून उभे राहत नाही, वसत गेलेल्या घरांचे राहते. हिक्सोस या शब्दाचा मूळ अर्थही ‘परमुलखांचे राजे’ एवढाच. आणि ज्यांना रानटी म्हटले, त्या अपोफिसच्याच राजवटीत, तेहतिसाव्या वर्षी, प्राचीन इजिप्तचा सर्वांत प्रसिद्ध गणिताचा पपायरस नकलून ठेवला गेला.

अवारिस पडल्यावर काय झाले, ते एका सैनिकाने आपल्या कबरीच्या भिंतीवर कोरून ठेवले आहे. त्याच्या वाट्याला चार माणसे लुटीत आली, एक पुरुष आणि तीन स्त्रिया. राजाने ती त्याला गुलाम म्हणून दिली. ही चौघे कोण होती? बहुधा तिथेच जन्मलेली, नाईलचेच पाणी प्यालेली. महफूजच्या कादंबरीत त्यांना जागा नाही.

हे वाचताना मी थांबतो. आपले पूर्वज गायकवाडांबरोबर किंवा त्यांच्यामागून या मुलखात आले. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी वैद्य, कोणी नुसतेच पोटासाठी. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. आपण इथेच राहिलो, कारण तोवर हेच घर झाले होते. इथल्या शेजाऱ्यांनी आपल्याला हिक्सोस मानले नाही, आरतीला ते आपल्याआधी येऊन बसतात. पण इतिहास सगळीकडे इतका सौम्य नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर स्वाऱ्या केल्या. तिथल्या अंगाईगीतात ‘बर्गी’ आजही येतात, आणि बाळाला निजवण्यासाठी त्यांच्या येण्याची आठवण काढली जाते. त्या धामधुमीवर गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत काव्य रचले, त्याचे नावच ‘महाराष्ट्र पुराण’. ज्या घोडेस्वारांचे पोवाडे आपण अभिमानाने ऐकतो, तेच तिकडच्या गाण्यात भीती बनून येतात.

म्हणून काय ‘थीब्जचा लढा’ वाचू नये? जरूर वाचावी. गुलामीत असलेल्या देशाला कण्यासाठी अशी कादंबरी लागते. आपल्यालाही लागली होती. पण ती एका बाजूची असते, हे लक्षात ठेवून वाचावी. महफूज यांना बहुधा हे कळले असावे. तीन कादंबऱ्यांनंतर त्यांनी तो मोठा बेत सोडला आणि आपल्या काळातल्या कैरोच्या गल्ल्यांकडे वळले. त्या गल्ल्यांतली साधी माणसे लिहूनच पुढे १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्राचीन इजिप्तकडे ते १९८५ मध्ये पुन्हा गेले, तेव्हा अखेनातेनबद्दलची कादंबरी त्यांनी वेगळ्याच रीतीने लिहिली. एक तरुण त्या राजाला ओळखणाऱ्या एकेकाला भेटतो. मित्र, शत्रू, पुजारी, राणी, सगळ्यांना विचारत जातो. प्रत्येक जण वेगळा राजा सांगतो, आणि निवाडा वाचकावर सोडलेला आहे.

यंदा विसर्जनानंतर नातवंडांना घेऊन कमाटीबागेत जाल, तेव्हा ती ममीपुढे उभी राहून तोच प्रश्न विचारतील, ‘हा कोण होता?’ जे ठाऊक असेल ते सांगा. आणि मग त्यांना विचारा, हा प्रश्न आपण आणखी कोणाकोणाला विचारायला हवा?